बंदुकीआधी काडतूस

भंडाऱ्यात बंदूक तयार होत नाही. तरीही जेव्हीपीसी या दुर्मीळ लष्करी कार्बाइनबद्दल बोलायला हीच जागा योग्य आहे. इथल्या कारागिराला पितळ ठाऊक आहे आणि जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत गोळीला ढकलणारी दारू तयार होते. कार्बाइनचे नशीब या दोन गोष्टी ठरवतात, असे माझे म्हणणे आहे. आपल्या सैन्याने आणि पोलिसांनी दीर्घकाळ कानपूरला बनलेली स्टर्लिंग कार्बाइन वापरली. ब्रिटनने ती १९५३ मध्ये स्वीकारली होती. तिची ९ मिमी गोळी जवळच्या चकमकीला पुरत होती, पण अंगरखे चिलखती झाले तेव्हा ती तोकडी पडू लागली. म्हणून इन्सास रायफलचेच ५.५६ × ४५ काडतूस आखूड नळीत घालून पाहिले गेले. ते काडतूस लांब नळीसाठी रचलेले असते. नळी आखूड केली की दारू पूर्ण जळण्याआधीच गोळी बाहेर पडते, उरलेली दारू तोंडाशी भडकते, आणि बंद खोलीत ज्वाळेने व आवाजाने सैनिकच बधिर होतो.

पुण्याच्या एआरडीई प्रयोगशाळेने यावर मुळातून उपाय केला. तिने कार्बाइनसाठी, म्हणजे आजच्या जेव्हीपीसीसाठी, ५.५६ × ३० हे नवे काडतूस घडवले. पितळी पुंगळी ४५ ऐवजी ३० मिमी झाली, त्यामुळे दारूही कमी लागली. काडतूस आखूड झाल्याने मॅगझिन थेट मुठीत बसवता आले, आणि सुमारे तीन किलोचे हे हत्यार लहान झाले. मला या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते. कानपूरला बंदूक आणि खडकीला काडतूस अशी विभागणी ठरली. डिसेंबर २०२० मध्ये लष्करी चाचण्यांचा शेवटचा टप्पाही पार पडला.

मग ही कार्बाइन सर्रास का दिसत नाही? यंत्रणेत दोष होता, असे कोणी म्हणेल. पण चाचणीत उतरलेल्या हत्याराला हे उत्तर पुरत नाही. लष्कराने २०१८ मध्ये निवडलेली ९३,८९५ विदेशी कार्बाइनची खरेदी पुढे रद्द झाली, पण तिचे काडतूस ५.५६ × ४५ हेच होते. २०२५ मध्ये सव्वाचार लाखांच्या खरेदीतही तेच राहिले, आणि त्यात सर्वांत कमी बोली भारत फोर्जची, तीही एआरडीईच्याच आराखड्यावरची, ठरली. म्हणजे लष्कराने देशी रचना नाकारली नाही. नाकारले ते वेगळे काडतूस.

वेगळ्या काडतुसामुळे पुरवठा अवघड होतो, हा आक्षेप मी हलका मानत नाही. सीमेवर दोन प्रकारच्या गोळ्या वेगवेगळ्या पोचवणे जिवावर बेतू शकते, आणि दारू बनवणे किती धोक्याचे असते हे २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात सहकारी गमावलेल्या जवाहरनगरला सांगायला नको. पण हा आक्षेप मान्य केला तर तो पहिल्या दिवशीच मांडायला हवा होता. कोणते काडतूस साठवायचे आणि वाहून न्यायचे, हे ठरवल्यावरच नळी आखायला घ्यावी. ते झाले नाही, म्हणून उत्तम जमलेली एक रचना आज मुख्यतः निमलष्करी दले आणि पोलिसांपुरती उरली आहे. जिथे रायफलची गोळी नकोशी असते, तिथे मात्र ती अजूनही योग्यच आहे.