एन्ड्यूरो सायकलची पारख

पुण्याहून दौंडकडे जातांना यवत मागें पडलें कीं खुटबावचें लहानसें स्थानक लागतें. भोंवतालीं उसाचे मळे आहेत, गुऱ्हाळें आहेत, शेतांच्या कडेनें गेलेल्या सपाट वाटा आहेत. आणि दक्षिणेच्या अंगास, फारशी दूर नाहीं अशी, भुलेश्वरची डोंगररांग उभी आहे. मळ्यांतली वाट सायकलकडून एक गोष्ट मागते, आणि डोंगराचा दगडमुरमाचा उतार अगदीं निराळी गोष्ट मागतो. या दोन मागण्यांमधलें अंतर हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, हल्लीं सुशिक्षित घरांतून मुलगा किंवा मुलगी एखाद्या दिवशीं हट्ट धरते कीं, मला 'फुल सस्पेन्शन एन्ड्यूरो' सायकल पाहिजे. किंमत ऐकून वडील मंडळी चमकतात, कारण ती कित्येक लाख रुपयांच्या घरांत जाते. मग "सायकलला एवढे पैसे?" हा एका बाजूचा प्रश्न आणि "तुम्हांला यांतलें कळत नाहीं" हें दुसऱ्या बाजूचें उत्तर, असा वाद चालतो. दोन्ही पक्षांस उपयोगी पडेल अशी पारख कशी करावी, तें सांगण्याचा माझा हेतु आहे. येथें प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. चुकीची निवड झाली तर उतारावर हातपाय मोडण्याची वेळ येते.

प्रथम ही सायकल कशासाठीं जन्मली तें पाहूं. १९७६ सालीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत, कांहीं तरुण जुन्या व जड सायकली घेऊन डोंगरावरून मातीच्या रस्त्यानें खालीं येण्याच्या शर्यती लावूं लागले. तळाशीं पोहोंचेपर्यंत मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं आंतलें वंगण जळून जाई व पुन्हां भरावें लागे; म्हणून त्या शर्यतीस 'रीपॅक' असें नांव पडलें. पुढें १९८९ च्या सुमारास हवा व तेल यांच्या योगानें धक्का गिळणारा चिमटा बाजारांत आला, आणि नंतर मागच्या चाकासही तशीच सोय झाली. २०१३ सालीं एन्ड्यूरो शर्यतींची जागतिक मालिका सुरू झाली. या शर्यतींत चढ स्वारानें स्वतःच्या पायांनीं चढावयाचा, परंतु गुण मिळतात ते उतारावरील वेळेचे. म्हणजे ही सायकल उतारावर धीट आणि चढावर निदान सोसण्याजोगी असली पाहिजे. तिच्या रचनेंतील प्रत्येक तडजोड या एका अटींतून निघाली आहे.

पहिली कसोटी बांध्याची. या सायकलचा पुढचा चिमटा जमिनीशीं ६३ ते ६५ अंशांचा कोन करतो; शहरांतील सायकलींत तो बहुधा ७० अंशांच्या आसपास असतो. चिमटा असा कलता ठेवल्यानें पुढचें चाक स्वाराच्या पुष्कळ पुढें राहतें आणि तीव्र उतारावर हँडलवरून पालथें पडण्याची भीति कमी होते. मात्र हेंच चाक सपाट वाटेवर, मंद गतीनें जातांना, आळशी वाटतें व इकडेतिकडे लवंडूं पाहतें. उलट सीटची नळी ७६ ते ७८ अंशांपर्यंत उभी असते, म्हणजे चढावर शरीराचा भार मागें घसरत नाहीं. हँडलवरील कळ दाबून सीट खालीं नेण्याची सोयही असते. ती अनुभवाच्या वेळीं अडखळते कीं काय, हें अवश्य पाहावें. सायकल घेतांना नुसतें बसून माप पाहूं नये. उतारावर स्वार पायडलवर उभा असतो. म्हणून उभें राहूनच हात व पाठ मोकळीं आहेत कीं नाहींत तें पाहावें.

दुसरी कसोटी धक्का गिळण्याच्या शक्तीची. एन्ड्यूरो सायकलचें चाक साधारण १५० ते १७० मिलिमीटर वर सरकूं शकतें. हा आंकडा मोठा म्हणजे सायकल चांगली, असा समज करून घेऊं नये. खरा प्रश्न त्या अंतराचा विनियोग कसा होतो, हा आहे. स्वार नुसता बसला असतां मागील चाकानें आपल्या एकंदर चालीचा २५ ते ३० टक्के भाग दबावें, असा संकेत आहे. समजा, चाकाची चाल १६० मिलिमीटर आणि मागील दट्ट्याची चाल ६५ मिलिमीटर आहे. तर दट्ट्या सुमारें २० मिलिमीटर दबला पाहिजे. दट्ट्यावर एक रबरी कडें असतें. पाण्याची पिशवी, शिरस्त्राण वगैरे सर्व सरंजाम अंगावर घेऊन बसावें, तें कडें वर सरकवावें, हलकेच उतरावें आणि पट्टीनें अंतर मोजावें. कमी असेल तर हवा काढावी, जास्त असेल तर भरावी. एवढी मोजणी न करतांच "सायकल कठीण आहे" किंवा "फार मऊ आहे" असा निकाल देणें हें वजन न करतां धान्य विकत घेण्यासारखें आहे.

याच उदाहरणांत चाक अडीच भाग सरकतें तेव्हां दट्ट्या एक भाग सरकतो. पहारीच्या लांब टोकास जोर लावून आपण धोंडा हलवितों, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून दट्ट्यावर चाकाच्या अडीचपट जोर येतो. दबण्याच्या अखेरीस प्रतिकार वाढत गेला पाहिजे, नाहींतर मोठ्या उडीनंतर धातूवर धातू आदळतो. तसेंच दबलेलें चाक परत किती वेगानें येतें तेंही पाहावें. फार झटकन् आलें तर सायकल स्वारास उडविते. फार सावकाश आलें तर एकामागून एक येणाऱ्या दगडांवर चाक दबलेलेंच राहतें.

तिसरी कसोटी चढाची. प्रत्येक पायडलासरशीं सायकल डोलूं लागली तर पायांचें बळ दट्ट्यांत जिरतें. चांगल्या रचनेंत साखळीचा ताणच हें डोलणें बऱ्याच अंशीं आवरून धरतो. सायकलचें वजन १४ ते १७ किलो असतें, हेंही विसरूं नये. येथें एका गोष्टीची आठवण देतों. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका आडवी ओलांडणारी प्रख्यात शर्यत दोघांच्या संघांत पूर्ण केली. ती सडकेवरची शर्यत. तेथें लागते ती हलकी, बिनस्प्रिंगची सायकल. पराक्रम यंत्राच्या किंमतीवर ठरत नसून योग्य कामास योग्य यंत्र निवडण्यावर बराचसा अवलंबून असतो.

चौथी कसोटी ब्रेक व टायर यांची. लांब उतारावर ब्रेक तापून ढिला पडतो. म्हणून सुमारें २०० मिलिमीटरच्या चकत्या असाव्या आणि एका बोटानें चाक थांबावें. आपल्याकडे बाभळीचा कांटा हा मोठा परीक्षक आहे. ट्यूब नसलेल्या जाड टायरांत रबरी द्रव भरला असतां लहान भोंक आपोआप बुजतें.

शेवटची कसोटी निगेची. मुरमाची बारीक धूळ चिमट्याच्या सीलांत शिरते. साधारण ५० तासांच्या स्वारीनंतर खालचें तेल बदलावें लागतें. सांध्यांतील बेअरिंगांकडे तर नेहमींच लक्ष पाहिजे. हें काम कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचें नव्हे. सुटे भाग कोठें मिळतील व निगेस वर्षाला किती खर्च येईल, हें खरेदीपूर्वींच विचारावें.

आणि शक्य तर एक दिवस सायकल भाड्यानें किंवा उसनी घ्यावी. एकच उतार तीन वेळां उतरावा, आणि प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाचा तें कळत नाहीं.

आतां निकाल. खुटबावच्या मळ्यांतून फिरणाऱ्यास या सायकलची गरज नाहीं; साधी, बळकट सायकल त्याची सेवा अधिक चांगली करील. भुलेश्वरच्या अंगाच्या उतारांवर अधूनमधून जाणाऱ्यास १२० ते १४० मिलिमीटर चालीची हलकी डोंगरी सायकल पुरते. जो सह्याद्रीचे खडकाळ, तीव्र उतार वारंवार उतरतो, त्यानेंच एन्ड्यूरोचा विचार करावा. आणि त्यानेंही आधीं शिरस्त्राण व गुडघ्यांचीं कवचें घ्यावीं. वाट शेतकऱ्याच्या बांधावरून असेल तर त्याची परवानगी घ्यावी, देवदर्शनास चाललेल्या माणसांस आधीं जाऊं द्यावें, आणि चरणाऱ्या गुरांजवळ वेग आंवरावा.

घरांतील वडील मंडळींस माझी विनंति इतकीच कीं, किंमत विचारण्यापूर्वीं "तूं कोठें जाणार?" हें मुलाला विचारा. आणि मुलांनीं त्याचें उत्तर जाहिरातींतल्या डोंगराचें न देतां, आपण खरोखर जातों त्या वाटेचें द्यावें. तें उत्तर प्रामाणिक असेल तर योग्य सायकल निवडणें मुळींच कठीण नाहीं.