घरी जातानाचा रस्ता



असरनंतर मोहल्ल्यातल्या मैदानावर मी मुलांना फुटबॉल शिकवतो, एवढीच माझी ओळख. सांगायचं ते तिथंच पाहिलेलं आहे. मूल हरलं म्हणून खेळ सोडतं, असं फारसं होत नाही. हरल्यावर अब्बांच्या गाडीवर मागं बसून घरी जाताना जे ऐकावं लागतं, त्यानं सोडतं.

निखत झरीन तुम्हाला माहीत आहे. निजामाबादची. वडील जमील अहमद स्वतः खेळाडू, त्यांनीच तिला आधी धावायला नेलं. बॉक्सिंग तिनं स्वतः निवडलं. सरावाला मुली नव्हत्या, म्हणून ती मुलांशी लढायची. पोरीचं तोंड सुजलेलं पाहून अम्मीला तिच्या लग्नाची काळजी. नातेवाईक तिच्या शॉर्ट्सवर बोलायचे. वडिलांनी तिला थांबवलं नाही. 2011 मध्ये ती ज्युनिअर गटात जगज्जेती झाली. 2017 मध्ये खांदा दुखावला, तेव्हा बराच काळ रिंगबाहेर गेला. मग 2022 मध्ये इस्तंबूलला आणि 2023 मध्ये दिल्लीला जगज्जेतेपद. आपण पदकांचे फोटो फॉरवर्ड करतो. मला मात्र 2011 ते 2022 मधली ती अकरा वर्षं महत्त्वाची वाटतात. तेवढा काळ घरानं रोज ‘जिंकलीस का?’ एवढंच विचारलं असतं, तर कोण टिकलं असतं?

आता माझी चूक सांगतो. आमचा एक गोलकीपर होता, तेरा वर्षांचा. एका मॅचमध्ये पायातून बॉल गेला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘अरे, दरवाजा उघडाच ठेवलास!’ सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला ‘दरवाजा’ म्हणू लागली. आठवड्यात तो यायचा बंद झाला. घरी गेलो तर म्हणाला, ‘सर, खेळायला आवडतं. पण तिथं यावंसं वाटत नाही.’ टोपणनाव मुलांनी चालवलं, पण दिलं मीच. मी त्याची माफी मागितली. तो अजून आलेला नाही.

तेव्हापासून चूक दाखवायची तर मी मुलाला बाजूला घेतो. पालकांना सांगितलंय, मॅचबद्दल घरी पोहोचेपर्यंत गप्प राहा, त्यानं स्वतः विषय काढला तर ऐका. दोघा-तिघांना जमतंय. बाकीच्यांना अवघड जातं, मी समजू शकतो. फी, बूट, रिक्षा, सगळं त्यांच्याच खिशातून जातं.

पुढच्या रविवारी फजरनंतर मुलींचा गट सुरू करतोय. नऊ नावं आली आहेत. खेळ येत नसला तरी चालेल, पण सोबत थांबणाऱ्या दोन मोठ्या बहिणी हव्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर मी दाराशीच उभा आहे.