लाजेकाजेचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. सातवी झाल्यावर शाळा सुटली ती सुटलीच. पण चार शब्द बोलाच, असा सेक्रेटरीबाईंनी आग्रह केला आणि विषयही माझ्यावरच सोपवला. म्हटले, जे कोणी बोलत नाही तेच बोलावे. विषय लघवीचा आहे. हसायचे असेल तर हसून घ्या, मी थांबते.

दोन वर्षे मी मंगळवारच्या भजनाला आले नाही. हळदीकुंकवाच्या वर्गणीवरून मी रुसले, असे बोलले गेले ते माझ्या कानावर आले होते. मी खुलासा केला नाही. खरे सांगण्यापेक्षा तो रुसवाच बरा वाटला. धाकट्याच्या वेळेपासून मला शिंक आली, खोकला आला, भरलेली बादली उचलली, की थेंब थेंब सुटे. चाळिशीनंतर ते वाढले. भजनात वरचा सूर लावायचा म्हणजे पोटावर जोर येणारच! एकदा सतरंजी ओली झाली. मी तांब्या मुद्दाम लवंडला आणि वेंधळी म्हणवून घेतले.

तांब्या लवंडताना सासूबाईंची आठवण झाली. शेवटच्या वर्षांत त्यांचे अंथरूण ओले सापडे. “पाणी सांडलं गं,” एवढेच त्या म्हणत. मी मात्र चार माणसांत त्यांना बोलले आहे. ते आता फिरवता येत नाही.

या दुखण्याने माणसाचे जगणेच आखडते. लग्नाला गेले की आधी मोरी कुठे ते पाहायचे. साडी गडद रंगाचीच. माहेरी जायचे तर आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचे, कारण एस.टी. स्टँडवरच्या त्या जागेत पाय ठेववत नाही. पाणी तोडून उन्हाळी लागली, थंडी वाजून ताप भरला, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी आधी लघवी आणि साखर तपासली. साखर वाढली तरी वारंवार जावे लागते. मग सांगितले की बाळंतपणांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, म्हणून असे होते. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होऊन मूत्राशय उलट जास्त चिडते. उपाय बिनपैशाचा निघाला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, चार-पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे आणि सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 साली याविषयी लिहिले, म्हणे. म्हणजे सासूबाईंनाही तो उपयोगी पडला असता! मी भाजी निवडताना करते, कोणाला कळत नाही. तीन महिन्यांनी फरक पडला. अगदी गेले नाही, पण बादली उचलते. मात्र लघवीतून रक्त दिसले, किंवा आग होऊन ताप आला, तर व्यायाम करीत बसू नका, डॉक्टरकडे जा. पुरुषांनाही हे चुकत नाही. उतारवयात प्रोस्टेटची गाठ वाढते. घरचे कर्ते रात्री चारदा उठत असतील तर त्यांनाही दाखवा. ते आपण होऊन सांगणार नाहीत.

मुंबईत 2011 साली बायकांनी याच हक्कासाठी चळवळ सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा त्यांचा सवाल होता. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयानेही महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे बांधण्याचे आदेश दिले.

पण न्यायालयापर्यंत कशाला जायचे? आपल्या मंडळाच्या खोलीमागच्या संडासाची कडी तीन वर्षे मोडलेली आहे आणि आत दिवा नाही. एक जण आत गेली की दुसरीने दार धरायचे. मी सुताराला सांगितले आहे, तो शनिवारी येईल. दिव्याचे तेवढे कोणी तरी पाहावे.

मंगळवारी मी भजनाला येते. माझी जागा दाराजवळ ठेवा.