औषधपेटीतली अँटिबायोटिक्स: एका बँकवाल्याचे निवेदन

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा नीट करून.)



सेक्रेटरींनी मला विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले होते की मी ठेवी आणि वारसनोंदणी यावर बोलणार. तो विषय पुन्हा कधीतरी. (नॉमिनेशन मात्र ज्यांचे राहिले आहे त्यांनी उद्याच करा.) आज मला अँटिबायोटिक औषधांबद्दल बोलायचे आहे. मी डॉक्टर नाही. शेतकी पदवीधर, बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागलो आणि शाखाधिकारी होऊन निवृत्त झालो. बोलण्याचा अधिकार म्हणाल तर एवढाच, की मी कोंबड्यांना कर्ज दिले, डाळिंबाला कर्ज दिले आणि शेवटी स्वतः खाटेवर पडलो. आपल्या ऑफिसातली औषधपेटी सुरू करणाराही मीच.

खाटेपासून सुरुवात करतो. २०१८ साली माझे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले. तीन आठवड्यांनी थंडी वाजून ताप आला. गोळ्या झाल्या, ताप हटेना. मग लघवीचे कल्चर केले. त्या रिपोर्टात औषधांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. 'एस' म्हणजे जंतू त्या औषधाने मरतो, 'आर' म्हणजे मरत नाही. मी आयुष्यभर स्टेटमेंटे वाचली, पण एवढा तोट्यातला ताळेबंद पाहिला नव्हता. वरपासून खालपर्यंत 'आर', 'आर', 'आर'. 'एस' होते तीन-चार औषधांसमोर, आणि ती सगळी सुईची. मेरोपेनेम नावाचे इंजेक्शन दर आठ तासांनी शिरेतून, असे दहा दिवस. सौ. दहा दिवस खुर्चीवर झोपली.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काका, गेल्या दोन-तीन वर्षांत कोणकोणती अँटिबायोटिक्स घेतलीत?" मला सांगता येईना. घसा धरला की दोन दिवस गोळ्या घ्यायच्या, बरे वाटले की उरलेल्या डब्यात टाकायच्या, ही माझी पद्धत. ज्या माणसाने दोन रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत कॅश जुळवली, त्याच्याकडे या खात्याची एकही नोंद नव्हती.

आता एक गैरसमज. "मला त्या गोळ्यांची सवय झालीय, आता लागू पडत नाहीत," असे आपण म्हणतो. सवय आपल्या शरीराला होत नाही, जंतूला होते. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू सुखाने नांदतात. अँटिबायोटिक घेतले की त्यातले कच्चे मरतात, पक्के राहतात आणि रिकाम्या जागेत तेच वाढतात. त्यातून या जंतूंची एक खोड अशी की औषधाला तोंड देण्याचे तंत्र ते शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. आपल्याकडे ए विंगमधल्या एकाने अर्जाचा नमुना मिळवला की संध्याकाळपर्यंत त्याची झेरॉक्स सी विंगमध्ये असते, तसेच. म्हणून हा प्रश्न एकट्या रोग्याचा राहत नाही, एकट्या माणसाचाही राहत नाही.

घरी आल्यावर वाचायला वेळच वेळ होता. त्यात अमेरिकेतल्या एका प्रयोगाची हकीगत सापडली, ती मला अजून सोडत नाही. स्टुअर्ट लेव्ही नावाच्या डॉक्टर-संशोधकाने मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावर कोंबड्यांचे दोन गट केले. एका गटाच्या खाद्यात थोडे ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळले, दुसऱ्याचे खाद्य साधे ठेवले. आजारी कोंबडी एकही नव्हती. औषधाच्या गटातल्या कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू काही दिवसांतच त्या औषधाला दाद देईनासे झाले. पुढे काही आठवड्यांत, कधीच न दिलेल्या दुसऱ्या औषधांनाही ते पुरून उरू लागले. आणि पाच-सहा महिन्यांत तसलेच जंतू त्या शेतावर राहणाऱ्या घरच्या माणसांच्या पोटात सापडले. त्या माणसांनी औषध घेतले नव्हते. शेजाऱ्यापाजाऱ्यांत मात्र हा प्रकार फारच कमी. हे संशोधन छापून आले १९७६ साली. औषधी खाद्य बंद केल्यावर काही महिन्यांत बहुतेकांच्या पोटातून ते जंतू गेले, हेही त्यातच आहे. ते वाचून मला जरा धीर आला.

१९७६! मी बँकेत नुकता लागलो होतो. पुढे सोलापूर जिल्ह्यात शेडसाठी, पिल्लांसाठी, खाद्यासाठी किती कर्जप्रकरणे केली! प्रकल्प अहवालात एक ओळ ठरलेली असायची: 'खाद्य व औषधे'. रक्कम तपासायची, बेरीज तपासायची, सही. 'औषधे' म्हणजे कोणती आणि कशासाठी, हे मी एकदाही विचारले नाही. रोग झाल्यावर द्यायचे औषध वेगळे आणि पाखराचे वजन लवकर भरावे म्हणून धडधाकट लॉटला रोज चिमूटभर खायला घालायचे वेगळे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत लक्षात आले की ऑरिओमायसिन थोडे खाद्यात घातले तर पिल्ले भराभर वाढतात, आणि तेव्हापासून ही रीत जगभर गेली. यात शेतकऱ्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. पाच हजार पाखरांचा लॉट मेला तर त्याचा संसार बसतो, आणि हप्ता मागायला मीच जायचो. आजारी जनावराला औषध मिळालेच पाहिजे. प्रश्न धडधाकट पाखरांचा आहे.

हे किती अंगाशी येते त्याचे उदाहरण म्हणजे कॉलिस्टिन. हे जुने औषध मूत्रपिंडाला त्रास देते, म्हणून डॉक्टरांनी बाजूला ठेवले होते. पण बाकीची औषधे हरू लागली तेव्हा अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून तेच पुन्हा काढावे लागले. म्हणजे मोडायची नाही अशी शेवटची एफडी. आणि त्याच काळात तेच औषध कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जात होते! २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की कॉलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे सरकू शकतो, आणि तो डुकरांत, विकायच्या मांसात आणि दवाखान्यातल्या रोग्यांतही आढळला आहे. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठीचा वापर थांबवला आणि पुढे तिथे जनावरांत व माणसांत तो गुण असलेल्या जंतूंचे प्रमाण उतरले. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठीच्या कॉलिस्टिनवर बंदी घातली. उशिरा का होईना, योग्य झाले.

डाळिंबाचे दुःख सोलापूरकडच्या मंडळींना सांगायला नको. तेल्या आला की फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकते, बाग जाते. तेल्या जंतूमुळे होतो, म्हणून फवारणीत स्ट्रेप्टोसायक्लिन आले. सहा ग्रॅमची पुडी, पंपाला मोजून. या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असते, म्हणजे ज्या स्ट्रेप्टोमायसिनने एकेकाळी क्षयाचे रोगी वाचवले तेच. मी बांधावर उभा राहून ती फवारणी पाहिली आहे. अंगावर तुषार आले की रुमालाने पुसायचो. बाग वाचली तर कर्ज वाचले, डोक्यात तेवढेच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ही दोन्ही औषधे शेतीतून टप्प्याटप्प्याने काढण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. बागेची स्वच्छता, रोगट फांद्या-फळे काढून नष्ट करणे, झाडाला विश्रांती, बोर्डो मिश्रण, हे मार्ग आहेत. कष्टाचे आहेत, पण आहेत.

माझ्या पोटात तो जंतू कोंबडीतून आला, हॉस्पिटलातून आला की माझ्याच अर्ध्या-मुर्ध्या गोळ्यांनी पोसला, हे कुणीच सांगू शकणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, ते शोधत बसू नका. पुढचं बघा."

पुढचे म्हणजे आपली औषधपेटी. दहा वर्षांपूर्वी हेतू चांगला होता: उरलेली औषधे वाया जाऊ नयेत, गरजूला मिळावीत. कौतुकही खूप झाले. पण मागच्या महिन्यात मी ती पेटी उलटी केली तेव्हा निम्म्याहून जास्त पट्ट्या अँटिबायोटिकच्या निघाल्या, आणि एकही पुरी नाही. कुणाची दोन गोळ्या कमी, कुणाची चार. म्हणजे प्रत्येक पट्टीमागे एक अर्धवट सोडलेला कोर्स, नाहीतर डॉक्टरांनी बदललेले औषध.

आणि एक कबुली. तीन वर्षांपूर्वी वॉचमनचा मुलगा सर्दी-खोकल्याने बेजार होता. मी पेटीतून त्याला अझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या दिल्या. दोनच का? तर दोनच उरल्या होत्या. साधी सर्दी विषाणूची, तिच्यावर हे औषध चालतच नाही. पोरगा चार दिवसांत बरा झाला, तो तसाही झाला असता. वडील मात्र अजून मला भेटले की म्हणतात, "साहेब, तुमच्या गोळीनं गुण आला." त्यांना खरे काय ते मी गेल्या आठवड्यात सांगितले. त्यांना पटले नाही.

तेव्हा कार्यकारिणीच्या संमतीने असे ठरले आहे. पेटीत वॉकर, कमोडची खुर्ची, पट्ट्या, गरम पाण्याच्या पिशव्या राहतील. पट्टीवर उभी लाल रेघ असलेले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही असे कोणतेही औषध पेटीतून कुणालाही दिले जाणार नाही, मागणारा कितीही ओळखीचा असो. घरात पडून असलेली अँटिबायोटिक्स बेसिनमध्ये किंवा कचऱ्यात टाकू नका, माझ्याकडे आणून द्या. बी विंगमधल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला कचरा नेणारी गाडी येते, तिच्या पिवळ्या पिशवीतून ती जाळण्यासाठी पाठवू. डॉक्टरांनी होकार दिला आहे.

दर रविवारी अकरा ते एक मी ऑफिसात बसतो. येताना पट्टी कापून आणू नका. औषधाचे नाव आणि तारीख दिसली पाहिजे. मी वहीत नोंद करतो आणि सही घेतो.