विद्या व कला यांचा पुनर्जन्म

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



‘सांस्कृतिक पुनर्जन्म’ हा शब्दप्रयोग आपण सभासमारंभांतून वारंवार ऐकतो. जुने दिवस परत आणणे, असा त्याचा अर्थ बहुधा घेतला जातो. इतिहासाचा दाखला मात्र वेगळा आहे. इटलीत चौदाव्या-पंधराव्या शतकांत प्राचीन ग्रंथ मठांच्या कपाटांतून बाहेर आले, पुढे छापखान्यामुळे ते दूरवर पोहोचले आणि वाचणाऱ्यांनी नवे प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला. जुने धन, नवे साधन आणि नवा वाचक यांचा संयोग झाला म्हणजे पुनर्जन्म घडतो. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हा संयोग कसा झाला व तो कोठे अपुरा राहिला, याचा विचार आज करावयाचा आहे.

पोथी छापखान्यात गेली

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले. त्याच बाळशास्त्रींनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली. सुमारे साडेपाचशे वर्षे हस्तलिखितांतून जपलेला ग्रंथ अशा रीतीने मुद्रित झाला. पुढे विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी निरनिराळ्या प्रती ताडून तुकारामांची गाथा १८६९ व १८७३ साली दोन भागांत सिद्ध केली. तिला मुंबई सरकारचे द्रव्यसाहाय्य लाभले होते. श्रद्धेने जपलेल्या वाङ्मयाला चिकित्सेची जोड मिळाली, हे या कार्याचे महत्त्व होय.

रंगभूमीवरही हेच घडले. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली कालिदासाचे शाकुंतल संगीत नाटकाच्या रूपाने मराठी प्रेक्षकांपुढे आणले. संस्कृत जाणणाऱ्यांपुरती असलेली कलाकृती त्यामुळे तिकीट काढून येणाऱ्या सामान्य माणसाची झाली.

संगीताची दारे उघडली

संगीताचे उदाहरण याहून बोलके आहे. आपले रागसंगीत घराण्यांनी निष्ठेने सांभाळले; परंतु ते गुरूच्या मर्जीवर व संस्थानिकांच्या आश्रयावर अवलंबून होते. कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ठरलेला अभ्यासक्रम आणि लोकांच्या वर्गणीचा आधार यांमुळे सुशिक्षित कुटुंबांतील मुलामुलींना संगीत शिकण्याची वाट मोकळी झाली.

व्यवसायाने वकील असलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर प्रवास केला, उस्तादांकडून चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांच्या प्रयत्नांनी १९१६ साली बडोद्यास संगीत परिषद भरली व १९२६ साली लखनौला महाविद्यालय सुरू झाले. स्वरलिपीने गुरूची गरज संपत नाही. गळ्यातील सर्वच काही कागदावर उतरत नाही. उस्तादांच्या पिढ्यांचे ऋणही आपण विसरता कामा नये. तथापि जे एका घरासोबत नष्ट होऊ शकत होते, ते पुष्कळसे वाचले.

पुनर्जन्म कोणाचा?

या गौरवाच्या कथेत एक बोचरा प्रश्न आहे. पुण्यास १८८५ साली ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. तिचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनी नाकारले. जे सर्व माणसांचे हक्क मोकळ्या मनाने मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आमचा मेळ कसा बसावा, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. ग्रंथ छापले गेले, पण बहुजनांना अक्षरओळखच नसेल तर ते कोणासाठी? जोतीरावांची ही कसोटी आजही प्रत्येक सांस्कृतिक उपक्रमास लावली पाहिजे.

ही कसोटी लावली म्हणजे दुसरे एक कार्य डोळ्यांपुढे येते. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ज्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही, अशा स्त्रियांनी रचलेले हे वाङ्मय आहे. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. ओव्या टिपल्या नसत्या तर त्याही थांबल्या असत्या.

आपले कर्तव्य

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हा दर्जा गावात उतरावयाचा तर काम साधे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे. आपल्या गावचे ग्रंथालय सायंकाळी उघडे असते काय, हे पंचायतीने पाहावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी आजी-आजोबांच्या ओव्या, भारुडे, पोवाडे सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहून घ्यावेत. कोणाच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील, तर ते वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी जाणकारांच्या नजरेस आणावेत. अधिकाऱ्यांनी अशा कामास वेळ व मान द्यावा. वस्तीवरील शेवटच्या घरातील मुलगी जेव्हा ज्ञानेश्वरी वाचील आणि तिच्या आजीची ओवी शाळेच्या वहीत लिहिली जाईल, तेव्हा जोतीरावांनी विचारलेल्या प्रश्नाला आपण उत्तर देऊ लागलो, असे म्हणता येईल.