उडवलेला थवा

मी बंगळूरच्या चामराजपेटेतून बोलतोय. फौजेतून निवृत्त होऊन इथे राहायला आलो, कॅमेरा घेतला, आणि पहिला सराव केला तो घराच्या गच्चीवर. कृष्णराजेंद्र मार्केट जवळच असल्यामुळे आमच्या आकाशात घारींना तोटा नाही. उडत्या पक्ष्यावर फोकस कसा धरायचा, ते मला या घारींनी शिकवलं. पण आज मी सांगणार आहे ते समुद्रकिनाऱ्यावरच्या पक्ष्यांबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत मी रात्रीच्या गाडीने कारवारला गेलो. काळी नदी समुद्राला मिळते त्या भागात सकाळी पोहोचलो. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा एक फायदा असतो. सकाळी सूर्य डोंगराकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो आणि समोरच्या पक्ष्यांवर छान उजेड पडतो. भरती होती. वाळूच्या उरलेल्या पट्ट्यावर कुरव, सुरय आणि छोटे चिखले दाटीने बसले होते. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, जणू परेडला उभे.

मला हवा होता उडता थवा. बसलेले पक्षी काय, कोणीही टिपतो! मी टाळ्या वाजवत पुढे धावलो. थवा उठला, मी फोटो काढले. पक्षी फिरून परत बसले. मी पुन्हा उठवले. असं तीनदा केलं.

जवळच एक वयस्कर मच्छीमार जाळं सांधत बसले होते. माझ्या टोपीकडे बघून त्यांनी विचारलं, "साहेब, मिलिटरीतले काय?" मी छाती काढून हो म्हटलं. ते म्हणाले, "मग नाइट ड्युटी करून आलेल्या जवानाला तुमच्यात असंच तीन-तीनदा उठवतात?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

घरी येऊन फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. पांढरं डोकं, डोळ्यामागे काळसर ठिपका, पंखांची टोकं काळी आणि त्यात पांढरे ठिपके. पुस्तक उघडलं. तपकिरी डोक्याचा कुरव! हिवाळ्यात त्याच्या डोक्याचा तपकिरी रंग जातो, म्हणून मी ओळखला नव्हता. वास्तविक आमची ओळख जुनी. १९८९ साली मी कॅप्टन असताना लडाखच्या चांगथांगमध्ये होतो. साडेचार हजार मीटर उंचीवरच्या त्सो मोरिरी सरोवराजवळ उन्हाळ्यात हेच कुरव पिल्लं वाढवत असत. त्या उजाड मुलखात त्यांचा आवाज आला की आम्हाला सोबत वाटायची. कारवारचे कुरव लडाखचेच होते की तिबेट किंवा मध्य आशियातल्या दुसऱ्या एखाद्या सरोवरावरचे, हे फोटोवरून सांगता येत नाही. पण आले होते ते हिमालयापलीकडच्या थंडीतून, एवढं नक्की. आणि मी त्यांच्यामागे टाळ्या वाजवत धावत होतो.

हे किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं वेळापत्रक घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की चिखले, तुतवार भराभर किडे, शिंपले टिपतात. भरतीला ती जागा पाण्याखाली जाते, तेव्हा विश्रांती. आपण उठवलं की खाल्लेलं उडण्यात खर्च होतं. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी इथेच साठवायची असते. एक फोटोग्राफर गेला की दुसरा येतो, मग मोकाट कुत्री, मग मोटारसायकली. प्रत्येकाला वाटतं, मी एकदाच तर उठवलं.

आता मी असं करतो. आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघतो. ओहोटी लागताना पोहोचतो आणि लांबच बसतो. पुढे जायचं तर कोपरांवर सरपटत जातो. अकादमीत शिकलेलं ते कसब छासष्टाव्या वर्षी उपयोगी पडतंय, फक्त गुडघे तक्रार करतात. पक्ष्यांनी माना वर केल्या की जागीच थांबायचं. पाणी उतरतं तसे छोटे पक्षी चरत चरत आपणच जवळ येतात. शटर १/२००० ठेवावं, आणि पांढऱ्या पिसांचा तपशील जळू नये म्हणून उजेड थोडा कमी घ्यावा.

आणि उडते कुरव? पुढच्या डिसेंबरला ते मिळाले. किनाऱ्यावर रांपण ओढत होते. जाळं जवळ येताच शेकडो कुरव आपापले उठले आणि माझ्या डोक्यावर आले. मला बोटाखेरीज काही हलवावं लागलं नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या ठाणे खाडीला २०२२ साली आणि कुमट्याजवळच्या अघनाशिनी खाडीला २०२४ साली रामसर दर्जा मिळाला. चांगली गोष्ट आहे. पण वाळूच्या त्या पट्ट्यावर पहाटे पहारेकरी नसतो. तिथे आपण असतो आणि आपल्या हातात कॅमेरा असतो.

तो तीनदा उडवलेला थवा मी पुसून टाकलेला नाही. फोटो तसा सुंदर आहे. कोणी कौतुक केलं की मी त्या मच्छीमारांचा प्रश्न सांगतो. आज तुम्हालाही सांगितला.