झुबिन मेहता : शंभर माणसांचे वाद्य



गवयाला तंबोरा पुरतो. दार लावून तो वर्षानुवर्षे एकट्याने रियाज करू शकतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संचालकाचे तसे नाही. तो स्वतः एकही सूर वाजवीत नाही. समोर बसलेली शंभरेक माणसे हेच त्याचे वाद्य. ते घरी आणून ठेवता येत नाही. मग त्याने रियाज करावा कोठे?

झुबिन मेहता मुंबईच्या पारशी घरात २९ एप्रिल १९३६ रोजी जन्मले. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ साली मुंबईत ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला होता. त्याच्या तालमी ऐकत मुलगा वाढला. पुढे किशोरवयात स्वतः तालमी घेऊ लागला. डॉक्टरीचा अभ्यास सोडून १९५४ साली तो व्हिएन्नाला हान्स स्वारोव्हस्की यांच्यापाशी शिकावयास गेला. १९५८ साली लिव्हरपूलच्या स्पर्धेत पहिला आला. १९६२ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद त्यांच्या हाती आला. पुढे १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क, आणि इस्रायलची धुरा तर २०१९ पर्यंत. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदांच्या प्रमुखपदी त्यांच्यापूर्वी कोणी भारतीय बसला नव्हता.

ऑपेरा म्हणजे त्यांचे संगीत नाटकच म्हणा ना! पण आपल्या नाटकात नट पद रंगवील तसे ऑर्गन-तबला त्याच्या मागे जातात. तेथे प्रत्येक अक्षराचा सूर आणि काल लिहून ठरलेला. रंगमंचावरचा गायक आणि खालच्या खोलगट जागेतले वादक यांचा श्वास एक करावयाचा तो संचालकाने. मेहतांनी १९६५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये व्हेर्दीच्या ‘आयदा’चे संचालन केले, १९९८ ते २००६ म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ऑपेराचे संगीतप्रमुखपद सांभाळले.

हा पराक्रम एकट्याच्या गुणाचा काय? गुण होताच. परंतु मेहलींनी आधी वाद्यवृंद उभा केला नसता, तर त्या मुलाला आपला गुण कळला असता कोठे? आणि व्हिएन्नात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या संस्था नसत्या, तर तो फुलला असता कोठे?

आपल्या हदगावातही गुणी मुले आहेत. त्यांना नुसती शाबासकी पुरणार नाही. भजनी मंडळ असो, वाचनालय असो, नाटकमंडळी असो, त्यांनी उभे राहावे अशी जागा आपण आधी तयार ठेवली पाहिजे. गुण देवाघरचा असेल. जागा मात्र गावाने द्यावयाची असते.